नाशिक जिल्ह्यातील एचआयव्हीच्या नोंदी: चाचणीच्या टेबलापासून जिल्हा अहवालापर्यंत

‘गेल्या महिन्यात नाशिक जिल्ह्यात एचआयव्हीचे किती रुग्ण निघाले?’ हा प्रश्न वार्ताहर विचारतात, लोकप्रतिनिधी विचारतात आणि १ डिसेंबर, म्हणजे जागतिक एड्स दिन, जवळ आला की सगळेच विचारू लागतात. प्रश्न सरळ वाटतो, परंतु आयसीटीसीच्या, म्हणजे समुपदेशन व चाचणी केंद्राच्या, रजिस्टरात त्याचे एक उत्तर असते, एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्हीवरील औषधे देणाऱ्या केंद्राच्या, नव्या नोंदणीत दुसरे असते आणि रक्तपेढ्यांच्या व खासगी प्रयोगशाळांच्या कागदांत तिसरे. ही तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ती एकमेकांशी का जुळत नाहीत हे ज्याला सांगता येते, त्यालाच जिल्ह्याचा अहवाल लिहिता येतो. नव्याने रुजू झालेले समुपदेशक व प्रयोगशाळा तंत्रज्ञ, तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयातील कर्मचारी, स्वयंसेवी संस्थांतील माहिती-नोंदीचे काम पाहणारी मंडळी आणि खासगी प्रयोगशाळा चालवणारे, या सर्वांना हाताशी धरता येईल अशा बेताने पुढील मजकूर लिहिला आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी

मोजणी, सर्वेक्षण आणि अंदाज या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की पुढचे सारे बिघडते. केंद्रावर आलेल्या माणसाची चाचणी झाली, ती पॉझिटिव्ह आली आणि त्याची नोंद झाली, ही मोजणी. ठरावीक ठिकाणी, ठरावीक काळात, ठरावीक संख्येने नमुने घेऊन त्या गटात संसर्गाचे प्रमाण किती आहे हे पाहणे, हे संनियंत्रण सर्वेक्षण, ज्याला आपल्याकडे इंग्रजी आद्याक्षरांवरून एचएसएस म्हणतात. या दोहोंसह लोकसंख्या, उपचार आणि मृत्यू यांची माहिती गणिती प्रारूपात घालून काढलेला आकडा म्हणजे अंदाज. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, २०२३च्या अंदाजानुसार देशात सुमारे २५.४४ लाख व्यक्ती एचआयव्हीसह जगत होत्या आणि राज्यांमध्ये सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३.९ लाख, महाराष्ट्रात होत्या. ही माणसे कोणी एकेक करून मोजलेली नाहीत. तालुक्यातील रजिस्टरांची बेरीज करून कोणी या आकड्यापर्यंत पोहोचू पाहील, तर ती बेरीज कधीच जुळणार नाही, आणि ती न जुळणे ही कोणाची चूकही नसेल.

अंदाज किती हलू शकतो याचे मोठे उदाहरण आपल्याच देशातले आहे. २००६पर्यंत भारतातील संसर्गितांची संख्या ५० लाखांच्या वर धरली जात असे. तो अंदाज मुख्यतः सरकारी दवाखान्यांतील सर्वेक्षणावर उभा होता. पुढे २००५-०६च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी जाऊन सुमारे एक लाख लोकांच्या रक्ताची तपासणी झाली, सर्वेक्षणाची ठिकाणेही वाढली होती, आणि २००७ साली अंदाज निम्म्यावर, सुमारे २५ लाखांवर आला. साथ एका वर्षात निम्मी झाली नव्हती. पाहण्याची खिडकी बदलली होती. जिल्हा पातळीवर अशी खिडकी दरवर्षी थोडीथोडी बदलत असते, आणि तिची नोंद कोणी ठेवत नाही ही माझी जुनी तक्रार आहे.

जिल्हा समोर ठेवून केंद्रांची यादी करा

पहिले काम कागदावरचे आहे. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके, नाशिक आणि मालेगाव या दोन महानगरपालिका आणि देवळालीचे छावणी क्षेत्र आहे. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांहून अधिक होती. प्रत्येक तालुक्यासमोर तेथील आयसीटीसी, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील प्राथमिक तपासणीची सोय, एआरटी किंवा त्याला जोडलेले लिंक एआरटी केंद्र, रक्तपेढी, प्रसूती होणारी खासगी रुग्णालये आणि एचआयव्हीची चाचणी करणाऱ्या खासगी प्रयोगशाळा लिहा. शेवटचे दोन रकाने भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि नेमके तेच बहुतेक याद्यांत कोरे असतात.

यानंतर माणसे कोठून कोठे जातात ते लिहा, कारण एचआयव्हीची चाचणी माणूस शक्यतो आपल्या गावापासून दूर करून घेतो. सुरगाण्याचा माणूस गुजरातच्या बाजूला जातो, इगतपुरीचा रेल्वेने मुंबईकडे, येवल्याचा कोपरगावकडे. उलट नाशिक शहरातील केंद्रांवर धुळे, नंदुरबार, पालघर, अहिल्यानगर अशा आसपासच्या जिल्ह्यांतील लोक येतात. पेठ-सुरगाण्याची कुटुंबे छाटणीच्या आणि काढणीच्या दिवसांत दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मुक्कामाला असतात. आडगावच्या ट्रक टर्मिनसवर थांबलेला चालक जिल्ह्यात एक रात्र असतो. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींतील कामगारांचे आधार कार्ड कोठल्या तरी दुसऱ्याच राज्याचे असते. २०२७च्या सिंहस्थाच्या तयारीसाठी आलेले बांधकाम मजूर आणि प्रत्यक्ष पर्वकाळात येणारे लोक यांमुळे हा गुंता आणखी वाढणार आहे. म्हणून चाचणी कोठे झाली आणि माणूस राहतो कोठे, हे दोन वेगळे रकाने आहेत हे आताच मनाशी पक्के करावे. तिसरा रकाना, ‘गेल्या सहा महिन्यांत मुक्काम कोठे’, हा नमुन्यात नसला तरी समुपदेशकाने स्वतःच्या टिपणात ठेवावा असे मी सुचवीन.

संमती आणि ओळख क्रमांक

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम २०१७ साली संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८पासून लागू झाला. त्याचे दोन भाग नोंदणीच्या कामाला थेट लागू होतात. माहितीपूर्ण संमतीशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही, आणि संमती म्हणजे सही घेणे एवढाच अर्थ नाही. चाचणीपूर्वी आणि चाचणीनंतर समुपदेशन झाले पाहिजे. संमतीला जे मोजके अपवाद आहेत, त्यांत न्यायालयाचा आदेश आणि परवानाधारक रक्तपेढीतील तपासणी येते. साथरोगशास्त्रीय सर्वेक्षणही येते, मात्र ते निनावी असले आणि त्यातून एखाद्या व्यक्तीची स्थिती ठरवायची नसली तरच, शिवाय अशा तपासणीचा हेतू लोकांना सांगावा लागतो. दुसरा भाग गोपनीयतेचा. ज्या आस्थापनेकडे अशी माहिती असते, तिने ती सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करणे बंधनकारक आहे. ज्यावरून व्यक्ती ओळखू येणार नाही अशी आकडेवारी देण्याची मुभा कायद्यात आहे, आणि आपला सारा अहवाल या मुभेच्या आधारावर उभा असतो.

येथे क्षयरोगाशी तुलना केल्यास गोष्ट स्पष्ट होते. क्षयरोगाचा रुग्ण खासगी डॉक्टरनेही ‘निक्षय’ या सरकारी संगणकप्रणालीवर नावानिशी कळवायचा असतो. एचआयव्हीच्या बाबतीत वरच्या पातळीला नाव कळवण्याची पद्धत नाही. व्यक्तीची माहिती उपचारासाठी ‘सोच’ या संगणकप्रणालीत, अधिकार असलेल्या कर्मचाऱ्यांपुरती, राहते आणि जिल्हा व राज्य अहवालात फक्त संख्या जाते. क्षयरोगाच्या कामातून इकडे आलेला कर्मचारी पहिल्या महिन्यात नेमकी येथे चुकतो, कारण तिकडे जे कर्तव्य होते ते इकडे उल्लंघन ठरते.

केंद्रात आलेल्या प्रत्येकाला ओळख क्रमांक द्या आणि तोच क्रमांक संमतीपत्र, प्रयोगशाळेचे रजिस्टर, नळी आणि अहवाल यांवर घाला. समुपदेशकाच्या रजिस्टरात नाव असते. तंत्रज्ञाच्या टेबलावर ते नसले तरी चालते, आणि नसावेच. रजिस्टर कुलपात ठेवा, किल्ली कोणाकडे आहे ते लिहून ठेवा, आणि केंद्राच्या बाहेरच्या बाकावरून आतला पडदा दिसतो का, हे एकदा स्वतः त्या बाकावर बसून पाहा.

कोणाला ‘पॉझिटिव्ह’ म्हणून मोजायचे

या पायरीवर मी जास्त थांबणार आहे, कारण जिल्ह्याच्या आकड्यातील बहुतांश घोळ येथे जन्माला येतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात किंवा शिबिरात बोटाच्या टोकाचे रक्त घेऊन जी एक चाचणी होते ती गाळणीची चाचणी आहे. ती रिअॅक्टिव्ह आली, म्हणजे किटने प्रतिसाद दाखवला, तर त्या व्यक्तीला ‘पॉझिटिव्ह’ म्हणायचे नाही, तसे लिहून द्यायचे नाही आणि मोजायचेही नाही. तिला खात्रीच्या चाचणीसाठी आयसीटीसीकडे पाठवायचे. तेथे एकाच नमुन्यावर वेगवेगळ्या प्रतिजनांवर किंवा तत्त्वांवर आधारलेल्या तीन किटनी तपासणी होते. पहिली चाचणी नॉन-रिअॅक्टिव्ह असेल तर निष्कर्ष निगेटिव्ह. तिन्ही रिअॅक्टिव्ह असतील तर पॉझिटिव्ह. पहिली रिअॅक्टिव्ह आणि पुढच्या दोन्ही नॉन-रिअॅक्टिव्ह असतील तर निगेटिव्ह. पहिलीसह पुढच्या दोहोंपैकी एकच रिअॅक्टिव्ह असेल तर निष्कर्ष अनिश्चित, आणि १४ ते २८ दिवसांनी पुन्हा नमुना. ही अनिश्चित माणसे महिन्याच्या बेरजेत कोठेच बसत नाहीत, म्हणून ती हरवतात. त्यांच्यासाठी रजिस्टराच्या शेवटच्या पानावर वेगळी यादी ठेवा, परत बोलावण्याची तारीख लिहा आणि निष्कर्ष लागला की मूळ नोंदीसमोर तो तारखेसह लिहा. नवीन ओळ उघडू नका. नवीन ओळ म्हणजे नवीन माणूस.

किटचे नाव, लॉट क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख प्रत्येक दिवसाच्या पानावर असावी. एखाद्या लॉटमध्ये दोष निघाला, तर त्या लॉटवर कोणाकोणाची चाचणी झाली हे तासाभरात सांगता आले पाहिजे. उन्हाळ्यात नांदगाव-मालेगावच्या बाजूला वीज गेली असताना फ्रीजचे तापमान किती होते, हेही याच पानावर लिहिलेले बरे. बाह्य गुणवत्ता तपासणीसाठी राज्य संदर्भ प्रयोगशाळेकडून ठराविक काळाने नमुने येतात; त्यांचा निकाल फाइलमध्ये लावून विसरू नये, तंत्रज्ञ बदलला की तो त्याला दाखवावा.

चाचणीच्या वेळेचाही विचार हवा. संसर्ग झाल्यानंतर प्रतिपिंडे (अँटीबॉडी) रक्तात दिसू लागेपर्यंत काही आठवडे जातात आणि हा काळ तीन महिन्यांपर्यंत लांबू शकतो. जोखमीचा प्रसंग नुकताच घडला असेल तर निगेटिव्ह निष्कर्षासोबत पुन्हा येण्याची तारीख द्यायची असते. ही व्यक्ती पुन्हा आल्यावर चाचण्या दोन होतात आणि माणूस एकच राहतो. ‘चाचण्यांची संख्या’ आणि ‘चाचणी झालेल्या व्यक्तींची संख्या’ हे दोन आकडे महिन्याच्या अहवालात वेगळे राहिले पाहिजेत, हे त्यासाठीच.

पुनरुक्तीचा, म्हणजे एकच माणूस दोनदा मोजला जाण्याचा, तिसरा मार्ग अधिक नाजूक आहे. निदान पूर्वी मुंबईत झालेला, उपचार मध्येच सोडलेला माणूस सिन्नरच्या केंद्रावर पुन्हा ‘नवा’ म्हणून येतो. तो पूर्वीचे सांगत नाही, कारण सांगितले तर बोलणी बसतील अशी त्याला धास्ती असते. समुपदेशकाने प्रश्न कसा विचारला यावर येथे आकड्याची शुद्धता अवलंबून आहे. ‘तुम्हाला आधीपासून माहीत होते का?’ या प्रश्नाला माणूस नाही म्हणतो. ‘काका, मधे औषध सुटले असेल तरी हरकत नाही, पुन्हा सुरू करता येते, पूर्वी कोठे गोळ्या घेत होतात?’ असे विचारले तर बरेच जण जुने हिरवे-पांढरे कार्ड पिशवीतून काढून देतात. मिळालेला जुना क्रमांक ‘सोच’मध्ये शोधा आणि त्या व्यक्तीची नोंद नव्या निदानाऐवजी उपचारावर परत आलेली म्हणून करा.

निदानापासून एआरटीपर्यंतचा रस्ता

पॉझिटिव्ह निदान झालेली प्रत्येक व्यक्ती एआरटी केंद्रात पोहोचली का, हे तपासणे म्हणजे जिल्ह्याच्या नोंदींचा खरा ताळा. २०१७पासून सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या, किती आहे याची वाट न पाहता निदान झालेल्या प्रत्येकाला उपचार देण्याचे धोरण आहे. म्हणून तत्त्वतः आयसीटीसीची नवी निदाने आणि एआरटीच्या नव्या नोंदण्या जवळजवळ समान असायला हव्यात. त्या नसतात. काही जण दुसऱ्या जिल्ह्यातील केंद्र निवडतात, काही खासगी डॉक्टरकडे जातात, काहींचा मृत्यू होतो आणि काही घरी परतून गप्प बसतात.

दर महिन्याला आयसीटीसीचे समुपदेशक आणि एआरटी केंद्राचे कर्मचारी यांनी समोरासमोर बसून, ओळख क्रमांकांच्या आधारे, ही यादी ओळीओळीने जुळवावी. फोनवर हे काम होत नाही, असा माझा अनुभव आहे. फोनवर फक्त बेरीज जुळते. न पोहोचलेल्या प्रत्येकासमोर कारण लिहावे, आणि ‘संपर्क होत नाही’ हे कारण तीन महिन्यांहून अधिक काळ तसेच राहू देऊ नये. घरभेट करायची असल्यास त्या व्यक्तीने आधी संमती दिलेली असली पाहिजे. आशाताईंना पाठवताना विशेष जपावे, कारण त्या त्याच गावच्या असतात आणि त्यांच्या पावलांवरही गाव लक्ष ठेवून असते.

नोंदणीच्या वेळचा सीडी४चा आकडा उपचारासाठी घेतला जातो, परंतु सर्वेक्षणासाठीही तो मोलाचा आहे. २००च्या खाली सीडी४ असलेली माणसे आजाराच्या पुढच्या अवस्थेत आलेली असतात; बहुधा त्यांचा संसर्ग अनेक वर्षांपूर्वीचा असतो. एखाद्या तालुक्यातील नव्या नोंदण्यांत अशांचे प्रमाण मोठे असेल, तर त्या तालुक्यात संसर्ग आता वाढतो आहे असे त्यावरून म्हणता येणार नाही. तेथे चाचणी उशिरा पोहोचते आहे एवढे मात्र नक्की म्हणता येईल. ‘नव्याने सापडलेला’ आणि ‘नव्याने संसर्ग झालेला’ यांतील हे अंतर मराठी बातम्यांत जवळजवळ नेहमीच पुसले जाते.

क्षयरोगाचा ताळाही याच बैठकीत उरकावा. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही स्थिती नोंदलेली आहे का, आणि एआरटी केंद्रावर प्रत्येक भेटीत खोकला, ताप, वजनातील घट व रात्रीचा घाम यांची विचारणा झाली का, एवढे पाहावे.

माता आणि बाळे

गर्भवतींच्या नोंदी सर्वांत भरवशाच्या असतात, कारण पहिल्याच नोंदणीच्या वेळी चाचणी सुचवली जाते आणि तारखा पक्क्या असतात. तरीही दोन जागी गळती होते. पहिली, माहेरपणाची. चांदवडला नोंदणी झालेली सून बाळंतपणाला देवळ्याला जाते आणि दोन्ही ठिकाणी तिची चाचणी होते. गर्भवतींच्या चाचण्यांची बेरीज म्हणूनच कधीकधी अपेक्षित गर्भवतींपेक्षा जास्त निघते. दुसरी, थेट कळा सुरू झाल्यावर आलेल्या, आधी कोठेच नोंद नसलेल्या बाईची. तिची चाचणी प्रसूतिगृहात रात्री-बेरात्री होते आणि ती नोंद प्रसूतीच्या रजिस्टरातच राहून जाते. रोज सकाळी ते रजिस्टर पाहण्याचे काम एका व्यक्तीच्या नावावर असावे.

बाळाच्या बाबतीत मोजणीचा नियम वेगळा आहे. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात अनेक महिने राहतात, त्यामुळे दीड वर्षाखालील बाळाची साधी प्रतिपिंड चाचणी रिअॅक्टिव्ह आली म्हणून त्याला संसर्गित म्हणता येत नाही. सहा आठवड्यांचे झाल्यावर बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब विशिष्ट कागदावर वाळवून विषाणूच्या जनुकीय घटकांच्या तपासणीसाठी पाठवतात, पुढे सहाव्या आणि बाराव्या महिन्यात तपासणी होते आणि १८ महिन्यांनी अंतिम निष्कर्ष निघतो. तोपर्यंत त्या बाळाची नोंद ‘संपर्कात आलेले, निष्कर्ष बाकी’ अशी चालू ठेवा. आई आणि बाळ यांच्या क्रमांकांची जोडी लावून ठेवली नाही, तर दीड वर्षानंतर कोणते बाळ कोणाचे हे कोणालाच सांगता येत नाही.

रक्तपेढ्या आणि खासगी क्षेत्र

रक्तपेढीत प्रत्येक पिशवी तपासली जाते आणि रिअॅक्टिव्ह पिशवी नष्ट केली जाते. पिशवी रिअॅक्टिव्ह येणे म्हणजे दात्याचे निदान नव्हे. दात्याला बोलावून आयसीटीसीकडे पाठवायचे असते, आणि तेथे खात्री झाल्यावरच त्याची एक नोंद होते. रक्तपेढ्यांचा आकडा आयसीटीसीच्या आकड्यात मिळवणे ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता अहवाल हातात येताच आधी तीच ओळ शोधतो.

खासगी प्रयोगशाळाचालकांनी तीन गोष्टी कराव्यात. शस्त्रक्रियेपूर्वीची चाचणी असली तरी संमती लिहून घ्यावी. एका किटवर रिअॅक्टिव्ह आलेल्या व्यक्तीला अहवाल नातेवाइकाच्या हाती न देता बंद पाकिटात तिच्याच हाती द्यावा आणि खात्रीसाठी जवळच्या आयसीटीसीचा पत्ता द्यावा. आणि किती चाचण्या झाल्या व किती जणांना पुढे पाठवले, एवढी निनावी संख्या दरमहा जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाला, म्हणजे डापकूला, कळवावी. यातली शेवटची गोष्ट करायला बहुतेक तयार असतात, त्यांना कोणी विचारलेले नसते. त्यांच्याकडे जाताना परिपत्रकासोबत एक पानी सोपा नमुना न्यावा.

महिन्याची बेरीज

महिना संपला की पहिल्या दोन-तीन दिवसांत रजिस्टर बंद करा: शेवटच्या ओळीखाली रेघ, तारीख, सही. त्यानंतर रजिस्टर, प्रयोगशाळेचे पान आणि ‘सोच’ या तिन्हींतील चाचण्यांची संख्या जुळते का ते पाहा. वापरलेल्या किटची संख्या ही चौथी साक्षीदार आहे आणि ती सहसा खोटे बोलत नाही: १४० किट खर्ची पडले आणि चाचण्या १२१ लिहिल्या असतील, तर १९ किटचे काय झाले याचे उत्तर, म्हणजे वाया गेले, गुणवत्ता तपासणीत वापरले की नोंद राहिली, अहवालाबरोबरच गेले पाहिजे. शून्य असेल तेथे शून्य लिहा. रिकामा रकाना म्हणजे ‘एकही नाही’ की ‘अहवालच आला नाही’, हे वरच्या टेबलावर बसलेल्या माणसाला कळत नाही.

उशिरा आलेली माहिती मागच्या महिन्यात गुपचूप घुसवू नये. दुरुस्तीचा स्वतंत्र तक्ता ठेवून त्यात जुना आकडा, नवा आकडा, कारण आणि तारीख लिहावी.

संनियंत्रण सर्वेक्षणाचे तीन महिने

हे सर्वेक्षण देशात १९९८पासून चालू आहे. २००८पर्यंत ते दरवर्षी होई, पुढे दोन वर्षांनी होऊ लागले. पश्चिम विभागासाठी त्याची शास्त्रीय देखरेख पुण्याच्या भोसरीतील, पूर्वी राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था असे नाव असलेल्या आणि सर्वांना ‘नारी’ या नावाने माहीत असलेल्या संस्थेकडे राहिली आहे. प्रसूतिपूर्व तपासणीच्या ठिकाणी सर्वेक्षणाच्या काळात पहिल्यांदा आलेल्या १५ ते ४९ वयाच्या गर्भवतींचे, ओळीने, ४०० नमुने घ्यायचे असतात. नेहमीच्या तपासणीसाठी घेतलेल्या रक्तातील उरलेला भाग नाव काढून, केवळ सर्वेक्षणाचा क्रमांक लावून तपासला जातो. त्यासोबत वय, शिक्षण, कितवे गरोदरपण, राहण्याचे ठिकाण, पतीचा व्यवसाय आणि त्याचे स्थलांतर एवढी माहिती असते. अधिक जोखमीच्या गटांसाठी संख्या २५० असते. त्यात संमती घेऊन बोटाचे रक्त कागदावर वाळवून घेतले जाते.

सारा कस ‘ओळीने’ या शब्दात आहे. सोमवारी ओपीडीला गर्दी म्हणून दहा जणी सोडल्या आणि बुधवारी निवांतपणे निवडून घेतल्या, तर ४०० भरतील परंतु नमुना बिघडेल. अमुक बाईचा नवरा ट्रकवर आहे म्हणून तिला मुद्दाम घेणे आणि अमुक घरची आहे म्हणून तिला वगळणे, दोन्ही सारखेच अपायकारक. तीन महिन्यांत ४०० भरले नाहीत, तर जितके झाले तितकेच कळवावे.

आकड्याचा अर्थ लावताना

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका तालुक्यात गेल्या वर्षी १०,००० चाचण्या झाल्या आणि १०० पॉझिटिव्ह निघाल्या, म्हणजे शेकडा १. या वर्षी गर्भवतींच्या चाचण्या वाढल्याने आणखी १०,००० भर पडली आणि त्यांत १० पॉझिटिव्ह निघाल्या. आता २०,०००मध्ये ११०, म्हणजे शेकडा ०.५५. प्रमाण जवळजवळ निम्मे झाले असे तक्ता म्हणतो, रुग्ण दहाने वाढले असेही तोच तक्ता म्हणतो, आणि प्रत्यक्षात तालुक्यातील परिस्थिती बदललेली नाही. म्हणून गर्भवती, क्षयरुग्ण, गुप्तरोगाच्या दवाखान्यातून आलेले, अधिक जोखमीच्या गटांसाठीच्या हस्तक्षेप प्रकल्पांतून आलेले, शिबिरातील आणि स्वतःहून आलेले, अशा गटांचे प्रमाण वेगवेगळे काढावे आणि वर्षावर्षांची तुलना त्या-त्या गटातच करावी.

तालुका लहान असेल तर एका वर्षाच्या टक्केवारीला फारसा अर्थ नसतो. पेठमध्ये दोनाचे चार झाले, तर ‘दुप्पट वाढ’ असे लिहिणे गणिताने बरोबर आणि अर्थाने चूक आहे. तेथे तीन वर्षांची बेरीज घ्यावी. एखाद्या महिन्यात आकडा एकदम उसळला, तर क्रमाने पाहावे: त्या महिन्यात शिबिर झाले का, नवे केंद्र सुरू झाले का, मागील अहवाल या महिन्यात चढला का, किटचा लॉट बदलला का, आणि नोंदी एकाच वस्तीतल्या, एकाच दवाखान्यात सुई टोचून घेतलेल्या किंवा एकाच कामावरच्या लोकांच्या आहेत का. पहिल्या चारांची उत्तरे ‘नाही’ आली आणि पाचव्याचे ‘हो’ आले, तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता त्याच दिवशी जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि राज्य एड्स नियंत्रण संस्था यांना कळवावे.

काय प्रसिद्ध करायचे, काय नाही

जिल्ह्याचा आकडा, महानगरपालिकांचा आकडा आणि तालुक्यांचे आकडे देता येतात. गावाचे नाव कधीही देऊ नये. तालुक्याच्या तक्त्यातही वय, लिंग आणि गट अशी विभागणी करत गेल्यावर रकान्यात एक-दोनच उरत असतील, तर ते रकाने एकत्र करावेत आणि पाचापेक्षा लहान संख्या ‘५ पेक्षा कमी’ अशी छापावी. ‘सुरगाणा, गर्भवती, वय १९, संख्या १’ ही आकडेवारी राहिलेली नाही. ती एका मुलीकडे दाखवलेले बोट आहे.

काही वर्षांपूर्वी एका केंद्रातील न पोहोचलेल्या रुग्णांची यादी, नावे आणि मोबाइल क्रमांकांसह, घाईत कामाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकली गेली. अर्ध्या तासात ती काढली, पण तोवर चाळीस फोनांवर उतरली होती आणि त्यांतल्या एका फोनचा मालक यादीतल्या एका माणसाचा चुलतभाऊ होता. तो माणूस पुढे आमच्या जिल्ह्यातल्या कोणत्याच केंद्रावर आला नाही. यादी पाठवायचीच असेल तर फक्त ओळख क्रमांक, संकेतशब्द लावलेल्या फाइलमध्ये, कार्यालयीन ईमेलवर, आणि संकेतशब्द वेगळ्या मार्गाने.

वार्ताहरांसाठी एक पान वेगळे तयार ठेवावे. त्यात किती व्यक्तींची चाचणी झाली, किती जणांचे नवे निदान झाले, त्यांतले किती उपचारावर आले आणि उपचारावरील किती जणांच्या रक्तात विषाणूंची संख्या आटोक्यात आहे, हे चार आकडे आणि प्रत्येकाखाली तो कोणत्या रजिस्टरातून आला ते लिहावे. त्याच पानावर नॅकोची १०९७ ही निःशुल्क मदतवाहिनी छापावी.

तयार झालेला तक्ता वर पाठवल्यावर त्याची प्रत खाली, ज्या केंद्रांनी नोंदी दिल्या त्यांनाही, त्याच आठवड्यात पाठवावी. कळवणच्या तंत्रज्ञाने आपला आकडा जिल्ह्याच्या तक्त्यात पाहिला आणि ‘मॅडम, आमचे चार आहेत, तुम्ही तीन छापलेत’ असा फोन केला, तर तो फोन दुरुस्तीच्या तक्त्यात तारखेसह नोंदवायचा आणि सुधारित प्रत सर्वांना पुन्हा धाडायची.